डावीकडची खालची दाढ

सोमवार, ११ मार्च

बायको म्हणाली, "तुमची तीच तीच बडबड ऐकून माझे कान किटले. एक वही घ्या आणि तिच्याशी भांडा. वही उलटून बोलत नाही." बायको शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे दिसेल त्याला गृहपाठ द्यायची तिला सवय आहे. ठीक आहे. लिहितो.

आज सकाळी चहा घेताना चिंगीने सांगितलं की ती दवाखाना सोडणार. चिंगी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. वय एकोणतीस, दातांची डॉक्टर, शिक्षण संपल्यापासून माझ्याच दवाखान्यात माझ्याबरोबर काम करते. आणि सोडून जाणार कुठे, तर पोहण्याच्या तलावावर! रोज सकाळी ती तिथे हौस म्हणून मोठ्या माणसांना पोहायला शिकवते. सगळे पन्नाशी उलटलेले, पाण्याला घाबरणारे लोक. तलाववाल्यांना आता पूर्णवेळ शिकवणारं माणूस हवंय आणि त्यांना या महिन्यातच उत्तर पाहिजे.

"मला जावंसं वाटतंय, बाबा," म्हणाली.

वाटतंय! मी विचारलं, "आणि ती भिंत?" दवाखान्यामागची खोली घेऊन मी मधली भिंत पाडून घेतली आहे. तिथे दुसरी खुर्ची बसायची आहे. ती काय मी हवा खायला बसवतोय? वर्षअखेर मी थांबणार आणि दवाखाना तिच्या हातात देणार, हे आमच्या घरातल्या भांड्याकुंड्यांनासुद्धा माहीत आहे.

तर म्हणते, "भिंत पाडायच्या आधी तुम्ही मला विचारलं नव्हतं."

घरच्या माणसाला काय विचारायचं? चहा तसाच गार झाला. डावीकडच्या खालच्या दाढेत एक कळ आली. रागाने दात आवळले गेले असणार.

मंगळवार, १२ मार्च

एक गोष्ट इथे स्वच्छ लिहून ठेवतो. मी तिच्यावर कधीही सक्ती केलेली नाही.

सक्ती म्हणजे काय ते मला पुरेपूर माहीत आहे. माझ्या वडिलांची लाकडाची वखार होती. थोरल्या मुलाने वखारीतच बसायचं, हा त्यांचा हुकूम. मी घर सोडलं, आत्याकडे राहून शिकलो आणि दातांचा डॉक्टर झालो. "दात कोरून कधी कुणाचं पोट भरलंय का?" असं वडील येईल त्या गिऱ्हाइकाला विचारायचे. भरलं. बायको-मुलीसकट भरलं. शेवटी त्यांची कवळीसुद्धा मीच बसवली आणि त्यांनी ती निमूटपणे बसवून घेतली.

तेव्हाच मी ठरवलं होतं की आपल्या मुलांवर असलं काही लादायचं नाही. चिंगीला मी फक्त गोडी लावली. पाचव्या वाढदिवसाला तिला दातांचा खऱ्या मापाचा साचा दिला. बाहुल्या काय, कुणीही देतं. सुट्टीत तिला दवाखान्यात बसवायचो, आलेल्या लोकांना सांगायचो, "ही आमची छोटी डॉक्टर." लोक कौतुक करायचे, ती लाजायची. किती गोड दिवस होते.

शाळा संपल्यावर तिने एकदा विचारलं होतं, "बाबा, खेळ शिकवायचं कॉलेज असतं ना, तिथे गेले तर?" मी नको म्हणालो का? अजिबात नाही. मी म्हणालो, "जा की. तुझं आयुष्य आहे. फक्त मग हा दवाखाना कुणाला द्यायचा तेवढं मला सांग." दोन दिवसांनी तिने आपणहून दंतवैद्यकाचा फॉर्म आणला. निवड तिचीच होती.

शुक्रवार, १५ मार्च

आज दवाखान्यात डोकं फिरायची वेळ आली.

एक ट्रक ड्रायव्हर आला होता. आडदांड माणूस, दारातून आत यायला त्याला खांदे तिरके करावे लागले. आणि खुर्चीत बसल्यावर लहान मुलासारखा थरथरायला लागला. साधं फिलिंग होतं. मी असतो तर "आ करा" म्हणून मोकळा झालो असतो. चिंगीने स्टूल खाली केलं, त्याच्यापेक्षा बुटकी होऊन बसली आणि विचारलं, "ट्रकला पहिल्यांदा रिव्हर्स घेताना भीती वाटली होती का?" मग ते रिव्हर्सचं पुराण. बाहेर माणसं ताटकळलेली. मी दोनदा दारातून डोकावलो.

तिसऱ्यांदा आत गेलो आणि म्हणालो, "चिंगी, आवर. आणि ते फिलिंग जरा मोठं घे, उगाच कंजूषपणा नको."

"एवढ्याचीच गरज आहे, बाबा."

"मोठं घे. पुढे कटकट नको."

"बरं," म्हणाली आणि घेतलं. शेवटी अनुभव तो अनुभव. पण माणूस गेल्यावर मला म्हणते, "पेशंटसमोर मला चिंगी म्हणू नका ना." मग काय म्हणू? डॉक्टरसाहेब? अंघोळ घातलीय मी हिला! आमच्या मावशी, म्हणजे दवाखान्यातली हत्यारं उकळून ठेवणाऱ्या आमच्या मदतनीस, उगाचच खोकल्या. त्यांना खोकला नाही हे मला माहीत आहे.

जाता जाता तो ड्रायव्हर काउंटरवर विचारून गेला की त्याच्या बायकोला आणायचंय, पण त्या बाई डॉक्टर कुठल्या वेळेला असतात. लोकांनाही हल्ली काम नको, गप्पा हव्यात.

दाढ अधूनमधून ठणकते आहे.

रविवार, १७ मार्च

आज तलावावर गेलो होतो. चिंगीला सांगितलं नाही. म्हटलं, ज्याच्यासाठी एवढा घाट घातलाय ते एकदा डोळ्यांनी बघू तरी.

आत दमट हवा. चष्म्यावर वाफ धरली, पुसून पुसून वैतागलो. वरच्या बाकावर बसलो. उथळ पाण्यात एक टक्कल पडलेले गृहस्थ दोन्ही हातांनी कठडा धरून उभे होते, आणि कडेला त्यांची बायको, "अहो सोडा ना तो! सोडा म्हणतेय ना!" चिंगीने त्या बाईंना हसून काहीतरी सांगितलं आणि बाई गप्प बसल्या. (माझ्या बायकोला असं गप्प करायला मला तीस वर्षांत जमलेलं नाही.) मग चिंगी त्या गृहस्थांशेजारी पाण्यात नुसती उभी राहिली. मधूनच काहीतरी बोलायची. तो डोकं हलवायचा. ती पुन्हा उभी.

अख्खा तास संपला तरी त्या माणसाने कठडा सोडला नाही! शेवटी तो बाहेर आला तो हसत हसत, जणू समुद्र पार करून आलाय. ती त्याला म्हणाली, "उद्या या." याला शिकवणं म्हणतात? मी असतो तर पहिल्या पाच मिनिटांत बोटं सोडवली असती. असल्या कामासाठी ही एवढ्या वर्षांच्या शिक्षणावर पाणी सोडणार!

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "तो उद्या येणार का?"

"येणार म्हणाला खरं."

"मग झालं तर."

काय झालं? या घरात कोणी माझ्याशी सरळ बोलत नाही.

बुधवार, २० मार्च

दाढेने आज अंत पाहिला. गार पाण्याचा घोट घेतला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. डावीकडची खालची, मागून दुसरी. जुनं फिलिंग आहे तिच्यात, ते मुरलेलं असणार. हातात आरसा धरून स्वतःच्या तोंडात बघत होतो तर मावशी म्हणाल्या, "न्हाव्याने स्वतःची हजामत करू नये." फार बोलतात.

नाइलाजाने चिंगीच्या पुढ्यात बसलो. तिने एकेक दाढ ठोकून पाहिली, गार बोळा लावून पाहिला. मग म्हणाली, "बाबा, खालची चांगली आहे. मला वरची शेवटची वाटतेय. वरचं दुखणं कधी कधी खाली जाणवतं."

हे मला सांगते! दुखणं एका दाढेत आणि कळ दुसरीत, हे मीच हिला शिकवलंय, ही कॉलेजात जायच्याही आधी. पण ते पेशंटचं झालं. पेशंटला काय कळतं? मी डॉक्टर आहे, दुखतंय कुठे ते मला कळणार नाही?

"खालची आहे," मी म्हणालो. "उद्या रूट कॅनाल कर."

"दोन दिवस थांबू या ना. नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी दाखवा."

"घरात डॉक्टर असताना बाहेर दाखवू? लोक शेण घालतील तोंडात."

तिने हातातला आरसा खाली ठेवला. मग म्हणाली, "बरं."

हा एक तिचा गुण मात्र घेण्यासारखा. वाद वाढवत नाही. लहानपणापासून नाही.

गुरुवार, २१ मार्च

झालं काम. सविस्तर लिहितो, कारण आज मला तिचा अभिमान वाटला.

आधी भुलीची सुई दिली. ओठ बधिर झाला, जीभ बधिर झाली, पण कळ होती तशीच. मी म्हणालो, "सुई नीट लागली नाही, अजून एक दे." तिने दिली. अर्धी हनुवटी माझी राहिली नाही, तरी कळ आपली चालूच.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "खालचं सगळं बधिर आहे. तरी दुखतंय म्हणजे..."

म्हणजे दुखणं खाली नाही, असं तिला म्हणायचं होतं. तर्क पुस्तकात ठीक आहे. पण माणसाला आपल्या दाढेची ओळख असते. साठ वर्षं माझ्याबरोबर जेवलीये ती. मी जड जिभेने म्हणालो, "उघड."

ती ड्रिल हातात घेऊन उभी राहिली. बराच वेळ. मावशी तिच्याकडे बघत होत्या, ती माझ्याकडे.

"नक्की?"

"चिंगी, वेळ घालवू नकोस."

मग मात्र तिचा हात चालला, आणि काय हात आहे तो! एक धक्का नाही, एक कंप नाही. मी असा हात कुणाचा पाहिलेला नाही, माझाही नाही. आतलं रक्त ताजं लाल आलं आणि लगेच थांबलं. किडलेल्या दाढेत सहसा असं होत नाही, पण प्रत्येक दाढ वेगळी असते. काम संपवून तिने माझी हनुवटी पुसली. हातमोजे काढून सरळ बाहेर निघून गेली. दमली असेल.

मावशींनी आज जाताना "येते" म्हटलं नाही.

शुक्रवार, २२ मार्च

दुखतंय. एवढं काम केल्यावर दोन-चार दिवस दुखणारच. पेशंटला आपण हेच सांगतो.

रविवार, २४ मार्च

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

दुपारी भाजलेला पाव चावला, डावीकडून, आणि मस्तकापर्यंत वीज गेली. टेबलावर मूठ आपटली तेव्हा बायकोच्या कपातला चहा सांडला. मोरीत जाऊन दार लावून घेतलं. दात घासायच्या ब्रशच्या मागच्या टोकाने खालची दाढ ठोकली. काही नाही. आत काही उरलंच नाही, दुखणार काय? मग वरची शेवटची ठोकली, अगदी हलक्या हाताने. ओरडलो. बाहेरून बायको, "अहो, पडलात का?"

पडलो नव्हतो. बादली पालथी घालून तिच्यावर बसलो होतो.

मग मला राग आला. इतका राग मला वखारीतसुद्धा कधी आला नव्हता. तसाच चिंगीच्या खोलीत गेलो. ती कपडे घडी करत होती.

"वरची होती," मी म्हणालो.

"हो."

"तुला माहीत होतं?"

"बुधवारी वाटलं होतं. दुसऱ्या सुईनंतर खात्री झाली."

"खात्री झाली आणि तरी चांगल्या दाढेत ड्रिल घातलंस? का?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मी सांगितलं म्हणून! उद्या विहिरीत उडी मार म्हणालो तर मारशील?"

"मला पोहता येतं," ती म्हणाली. पण हसली नाही. हातातला टॉवेल तिने घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला. "बाबा, दुसऱ्या कुठल्या पेशंटने कितीही हट्ट केला असता तरी मी हात लावला नसता. बाहेर काढलं असतं त्याला. पण तुम्ही सांगितल्यावर माझा हात माझा राहत नाही. त्या ड्रायव्हरचा दात मी गरज नसताना जास्त कोरला, आठवतंय? गुरुवारी तुमची दाढ मारली. चांगली, जिवंत दाढ. उद्या तुम्ही शेजारच्या खुर्चीवरून सांगाल आणि मी आणखी कुणाचं तरी नुकसान करीन. मी काल तलावावर हो म्हणून कळवलंय. एक तारखेपासून जाते."

मी ओरडलो. काय काय ओरडलो ते लिहीत नाही. उपकार काढले, शिक्षण काढलं, भिंत काढली. ती ऐकत उभी राहिली, जशी नेहमी राहते. बायको दारात आली आणि म्हणाली, "पुरे. दाढ दुखेल."

मंगळवार, २६ मार्च

दुसरी खुर्ची बसली. कारागिरांनी विचारलं, "साहेब, उंची कुणाच्या मापाने ठेवायची?" मी म्हणालो, ठेवा कशीही.

वरची दाढ गोळ्यांवर चालली आहे. दुसऱ्या डॉक्टरकडे जायची सोय नाही. तो तोंड उघडल्या उघडल्या विचारणार, ही खालची कुणी उघडली? काय सांगू? आपलेच दात, आपलेच ओठ.

संध्याकाळी बायकोला म्हणालो, "तूच सांग, मी कधी सक्ती केली का तिच्यावर? माझ्या वडिलांसारखा कधी वागलो का?"

तिने लाल पेन खाली ठेवलं. "तुमचे वडील ओरडायचे," ती म्हणाली. "म्हणून तुम्हाला पळता आलं. तुम्ही तिला सगळं लाडाने सांगितलंत. लाडापासून पळून पोरीने जायचं कुठे?"

"हे भूगोलात शिकवतात का?"

"नाही. हे मी बघत होते. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

मग ती पुन्हा वह्या तपासायला लागली. मी ही वही घेऊन बाहेर येऊन बसलो. संताप येतो आहे. ज्या गोष्टीपासून पळालो तीच आपण गोड करून पोरीला भरवली, असं कुणी म्हटलं तर माणसाने करायचं काय? पाचव्या वाढदिवसाला तिने काय मागितलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. मी विचारलंच नव्हतं बहुतेक.

शनिवार, ३० मार्च

आज तिचा दवाखान्यातला शेवटचा दिवस होता.

दिवसभर आम्ही कामापुरतं बोललो. पाच वाजता शेवटचा पेशंट गेला. गोळीचा उपयोग संपला होता, डावा डोळासुद्धा ठणकत होता. मी नव्या खुर्चीत जाऊन बसलो. मावशींनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि दिवा लावला.

ती हात धुऊन आली. कुठली दुखतेय असं तिने विचारलं नाही. सगळ्या दाढा पहिल्यापासून तपासल्या, अनोळखी माणसाच्या तपासाव्यात तशा. मी एकदा सांगायला तोंड हलवलं तर म्हणाली, "आता बोलू नका." असं ती मला जन्मात कधी म्हणाली नव्हती.

वरची शेवटची. भूल लागली तशी कळ थांबली. इतक्या दिवसांनी डोकं एकदम शांत झालं, तर मला रडायलाच आलं. तिने कागदी रुमालाने डोळ्यांच्या कडा टिपल्या.

"दुखलं तर डावा हात वर करा," ती म्हणाली. "मी लगेच थांबेन."

मी आजवर कुठल्याही पेशंटला असं सांगितलेलं नाही. सांगितलं की लोक उगाच हात वर करतात आणि कामाचा खोळंबा होतो.

ड्रिल सुरू झालं. तिचा चेहरा माझ्या इतका जवळ बऱ्याच वर्षांत आला नव्हता. कपाळावर एक आठी पडते तिच्या, ती बायकोची आहे. पण तिच्या चेहऱ्यावर दडपण दिसलं नाही. ती मला काही विचारत नव्हती आणि माझ्या डोळ्यांकडे बघून ठरवतही नव्हती. तिचं तिला कळत होतं. अशी ती रोज काम करत असती तर किती मोठी डॉक्टर झाली असती, असं मनात आलं, आणि पाठोपाठ हेही आलं की रोज शेजारी मी होतो.

काम निम्म्यावर आलं असेल तेव्हा मी हात वर केला.

ड्रिल तत्क्षणी थांबलं. "दुखतंय?"

काही दुखत नव्हतं. मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. भिंत पुन्हा बांधतो, खुर्ची परत पाठवतो, मी घरी बसतो, पण तू जाऊ नकोस. तोंडात कापूस होता, नळी होती, अर्धा चेहरा बधिर होता. ती वाट बघत थांबली, घाई न करता, हात माझ्या खांद्यावर ठेवून.

"काही सांगायचंय का, बाबा? कापूस काढू?"

मी सांगितलं असतं तर ती थांबली असती. सोमवारी तलावावर न जाता इथे आली असती आणि मला त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नसती. हे मला तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं, कारण मी काय मागेन याला ती आधीच थोडी घाबरली होती.

मी मान हलवून नाही म्हटलं आणि हात खाली घेतला. तिने पुन्हा काम सुरू केलं.